आधी सेकंद

९ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो गेली सहा वर्षं कुरकुरतोय आणि मी त्याचं ऐकत नाही. वहिनीची साखर आटोक्यात आल्याचं तुझ्या लेकीकडून कळलं. दुकानात भिंगं घासायचं नवं यंत्र घेतलंस हेही कळलं. आता वाकावं लागत नसेल तर उत्तम. तुझी पाठ बाबांवर गेली आहे.

तू उत्तर देत नाहीस म्हणून मी लिहायचं थांबणार नाही. वर्षाला एक कार्ड, त्यात दोन ओळी, त्याही हवापाण्याच्या. सख्ख्या भावाचं कार्ड आहे की वेधशाळेचं, असा प्रश्न पडतो. असो. मुद्द्यावर येते.

तुझी लेक चार मे रोजी निघते आहे, हे तुला ठाऊक आहे. छत्तीस फुटी शिडाची होडी, एकवीसशे मैल, मध्ये जमिनीचा ठिपका नाही. वारा बरा लागला तर एकोणीस दिवस. सोबत तिची मैत्रीण, इस्पितळातली नर्स. आणि तिसरी मी. हे तिने तुला सांगितलं नसेल, कारण मीच तिला थांबवलं होतं. त्रेसष्टाव्या वर्षी हे काय खूळ म्हणशील. म्हण. निवृत्त झाल्यावर बायका विणकाम करतात. मला विणकाम येत नाही.

गेल्या खेपेला तिच्या होडीवर वीज पडली. पडद्यावरचा नकाशा, रेडिओ, दिवे, सगळं एका क्षणात गेलं. दोन दिवस ती नुसत्या होकायंत्रावर आणि नशिबावर चालली. म्हणून यंदा तिने ठरवलं आहे की होडीवरच्या तिघींनाही सूर्य-ताऱ्यांवरून आपली जागा काढता आली पाहिजे. मी शिकवणी लावली.

शिकवणारा माणूस मालवाहू जहाजांवर तीस वर्षं काढून आलेला आहे. सगळे त्याला मास्तर म्हणतात. शिडं शिवायच्या कारखान्याच्या माळ्यावर वर्ग भरतो. खालून शिलाईच्या यंत्रांचा खडखडाट, त्यामुळे मास्तर ओरडून शिकवतो आणि आम्ही ओरडून शिकतो. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले तर मला म्हणाला, "बाई, कुणाला सोडायला आलात?"

म्हटलं, "स्वतःला."

"बेरीज-वजाबाकी येते का?"

"चौतीस वर्षं शिकवली. मला सूर्य पकडायला शिकवा."

मी त्याचीच गणितं तपासते म्हणून आता तो मला तपासनीसबाई म्हणतो. माळ्यावरून समुद्र दिसत नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. मग क्षितिज कुठून आणायचं? तर मास्तर गच्चीत एक पसरट तवा ठेवतो, त्यात इंजिनाचं वापरलेलं काळं तेल. तेलातला सूर्य आणि आकाशातला सूर्य सेक्स्टंटच्या, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राच्या, भिंगात एकावर एक आणायचे, आणि कोन निम्मा करायचा. वाऱ्याने तेल हललं की सूर्य पळतो. काल मी सलग चार कोन घेतले, चारही दोन मैलांच्या आत. मास्तरने माझी वही घेऊन चारही आकडे पुन्हा मांडून पाहिले. मला बरं वाटलं.

वेळ नोंदवायचा धडा त्याने तीनदा गिरवून घेतला. आधी सेकंद, मग मिनिटं, मग तास. तो मला येत होता. तूच शिकवला होतास.

एक मागणं आहे. वर्गातला सेक्स्टंट पाच जणांत एक, आणि तुझ्या लेकीकडे आहे तो प्लास्टिकचा, उन्हात वाकतो. तुझा पितळी तुझ्या कपाटावर लाकडी पेटीत पडून आहे. वहिनी त्यावर पांघरुणं ठेवते. तो द्यावास.

आणि तू लेकीला जे लिहिलंस, ते तिने मला वाचून दाखवलं. "आपल्या घराण्याचा डोळाच खोटा आहे. माझ्या नजरेने एका माणसाचा पाय गेला. तू यंत्रांवर विश्वास ठेव, डोळ्यावर ठेवू नकोस." दादा, असं मुलीला लिहायचं नसतं. यावर मला बरंच बोलायचं आहे, पण कागद संपला.

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी बहीण


६ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि.

सेक्स्टंट आला नाही. कार्डही नाही. मी त्याची तक्रार करायला लिहीत नाही.

मागच्या पत्रात कागद संपला असं मी लिहिलं. कागदाची मागची बाजू कोरी होती, हे तू पाहिलंच असशील. आज दोन्ही बाजू लिहिणार आहे. उभ्याने वाचू नकोस. दुकानाचं दार लावून घे.

आधी परवा काय झालं ते सांगते. त्याशिवाय पुढचं लिहायला मला धीर व्हायचा नाही.

सरावासाठी आम्ही तिघी तीन दिवस बाहेर गेलो होतो. पडद्यावर तुझ्या लेकीने टॉवेल टाकून तो दोरीने बांधून ठेवला. खोली मोजायचं यंत्रही बंद. कोन ती घेत होती, वेळ नर्स लिहीत होती. वेळ लिहायला तिने पहिल्यांदा मलाच सांगितलं होतं. "आत्या, तुझ्यासारखं नेमकं कोण लिहिणार?" मी म्हटलं, मला सुकाणू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, मी स्वयंपाक करते. तेव्हा नर्स हसून म्हणाली, "अहो, तुम्हाला घड्याळाची ॲलर्जी आहे का?" मी भांडी घासायला घेतली.

परतताना टेकडीखालचा वाळूचा दांडा ओलांडायचा होता. तो समुद्रात सात मैल आत जातो. त्याचं टोक मागे पडेपर्यंत सरळ पश्चिमेला जायचं आणि मगच दक्षिणेला बंदराकडे वळायचं. सकाळी पोरीने तीन कोन घेतले. तीनही एकमेकांशी जुळले. नकाशावर रेघ पडली, आणि रेघ स्वच्छ सांगत होती की टोक अजून चार मैल पुढे आहे.

ती त्या रेघेकडे बघत राहिली. मग खोडरबर घेतलं.

"आपण एवढे मागे असूच शकत नाही. वेगाच्या हिशेबाने टोक कधीच मागे पडलं असेल."

"वेग अंदाजाने धरला आहेस. कोन मोजलेला आहे," मी म्हटलं. "वळू नकोस."

"मोजलाय कुणी? मीच ना? बाबांचा डोळा माझ्यात आला असेल तर?"

"तीन कोन जुळलेत, अगं!"

"खोट्या डोळ्याने तीनदा पाहिलं तर तीनदा खोटंच दिसणार, आत्या."

आणि वळली. होडी तिची, कप्तान ती. मी गप्प बसले. गप्प बसायचा मला सराव आहे.

पंचवीस मिनिटांनी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, बसलेली नर्स ओरडली, "पाण्याचा रंग बदललाय!" निळ्याचं मातकट झालं होतं. पोरीने सुकाणू फिरवेपर्यंत होडीचा कणा वाळूला लागला. एकदा. मग लाट उतरली आणि पुन्हा एकदा. तो आवाज तुला सांगायला नको. तिसऱ्या लाटेने आम्हाला उचललं आणि आम्ही सुटलो. टॉवेल काढला. तिची रेघ दीड मैलाच्या आत बरोबर होती. वर्गातल्या कुणाचीही इतकी येत नाही.

ती खोडरबर मुठीत धरून डेकवर बसली. "पाहिलंस ना? बरोबर असूनही मी चुकले." मला म्हणाली, दादा. मला.

आता मागची बाजू.

एकतीस वर्षांपूर्वीच्या तुझ्या त्या प्रवासातली ती सकाळ. सुतार शिडाला ठिगळ लावत होता. त्यानेच बांधलेली होडी, त्यामुळे ती कुठे कुरकुरली की तो माणसाच्या तब्येतीसारखी चौकशी करायचा. आकाश भरून आलं होतं. तीन कोन घ्यायचे असतात, पण ढगांनी तुला एकच दिला. तू "आता!" म्हणून ओरडलास आणि मी घड्याळ पाहून लिहिलं. आठ वाजून बेचाळीस मिनिटं, छप्पन्न सेकंद.

तास आधी, मिनिटं मग, सेकंद शेवटी. तू मला उलटं शिकवलं होतंस आणि मला ते अजागळ वाटायचं. मी गणिताची मास्तरीण. मोठा आकडा आधी, लहान नंतर, असंच मी पोरांना शिकवत आले होते. समुद्रावर येऊन माझी शिस्त कशाला बदलू? सेकंदकाटा छप्पन्नावर असला की मिनिटकाटा जवळजवळ पुढच्या रेघेवर जाऊन बसतो. आधी मिनिटं पाहणारा फसतो. आधी सेकंद पाहणारा फसत नाही, कारण छप्पन्न दिसले की त्याला कळतं, मिनिट अजून पुरं व्हायचं आहे.

आठ एकेचाळीस होते, दादा. बेचाळीस नव्हते.

एका मिनिटात सूर्य पंधरा मैल सरकतो, हे मी तुला शिकवायला नको. तू नकाशावर आपल्याला पंधरा मैल जास्त पश्चिमेला मांडलंस. दुपारी ढगात सूर्य मिळाला नाही, म्हणून त्याच रेघेवर विसंबून, खडक मागे पडला समजून तू दक्षिणेला वळलास. खडक मागे पडलेला नव्हता, आपण त्याच्यावर आदळलो. तू पाहिलेला कोन अचूक होता. तुझा डोळा खोटा नव्हता. खोटा माझा आकडा होता.

तू विचारशील, हिला हे कधी कळलं. अपघाताच्या चौकशीच्या आदल्या दिवशी. वही माझ्या प्लास्टिकच्या पिशवीत सुकी राहिली होती. इस्पितळाच्या व्हरांड्यात, आत सुताराच्या पायावर शस्त्रक्रिया चालू असताना, मी ते गणित पुन्हा मांडलं. बेचाळीसच्या जागी एकेचाळीस घातले आणि रेघ खडकाच्या कडेवर येऊन बसली. पेन्सिलीने मांडलं होतं. खोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी समितीने मला दोनच प्रश्न विचारले. "वेळ कोणी नोंदवली?" मी म्हटलं, "मी." "वेळ बरोबर होती?" मी म्हटलं, "होती."

तू माझ्या शेजारी बसला होतास. वळूनसुद्धा पाहिलं नाहीस, इतका तुझा माझ्यावर विश्वास होता. त्यांनी लिहिलं, निरीक्षकाची चूक. तुझा परवाना गेला. सुताराचा पाय गेला. तू समुद्र दिसणार नाही अशा गावात जाऊन चष्म्याचं दुकान टाकलंस आणि एकतीस वर्षं लोकांचे डोळे तपासतो आहेस. दोन वर्षांपूर्वी सुतार वारला तेव्हा तू त्याच्या घरापर्यंत आलास आणि फाटकातून परत फिरलास. मी खिडकीतून पाहिलं. तेव्हा धावत यायला हवं होतं. गुडघा दुखत होता असं मी स्वतःला सांगितलं.

का बोलले नाही, याचं उत्तर मी खूप शोधलं. नोकरी होती, शाळेत अब्रू होती, हे सगळं खरं, पण तेवढंच नाही. चुकणारी मी नव्हे, एवढंच. पोरांची वही तपासताना मी एका गुणासाठी दहा मिनिटं घालवली. स्वतःचा पेपर तपासायला एकतीस वर्षं लागली.

हे दडून राहिलं असतं तर मी कदाचित तसंच नेलंही असतं. पण परवा तुझ्या पोरीच्या हातून तो कणा वाळूला लागला तो माझ्या खोटेपणामुळे. तू तिला जो खोटा डोळा वारसा म्हणून दिलास, तो मुळात नव्हताच. एकोणीस दिवसांच्या पाण्यात ती स्वतःच्या डोळ्यावर अविश्वास घेऊन गेली तर काय होईल, हे तुला आणि मला, दोघांनाच नीट माहीत आहे.

तिला मी अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं. या खेपेला तरी खरं सगळ्यांत आधी तुला कळावं. हे पत्र टाकून आठ दिवसांनी तिला सांगेन.

मी त्या होडीवर असावं की नसावं, हे तू ठरव. क्षमा मागत नाही, मागायची लाज वाटते. अठ्ठावीस तारखेपर्यंत तुझा शब्द आला नाही, तर मी किनाऱ्यावर राहीन आणि त्या दोघी निघतील. तू पत्रांना उत्तर देत नाहीस हे माहीत असूनही अट अशी घातली आहे. माझ्या बाजूने झुकती अट घालायचा हक्क मला उरलेला नाही.

ज्या बहिणीला तू शेजारी बसवलंस, ती


४ मे, पहाट

ती. दादास,

सा. न. वि. वि.

बंदराच्या कचेरीत टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिते आहे. भरतीला दोन तास आहेत. हे पत्र इथला पहारेकरी टाकील. त्याच्याकडून वचन घेतलं आहे, आणि तिकीटही मीच लावलं आहे.

क्रमाने सांगते.

पोरीला चौदा तारखेला सांगितलं. ती होडीच्या लाकडी झडपेला सँडपेपर मारत होती. ऐकताना हात थांबला नाही. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाली, "आत्या, आज घरी जा." दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. "लाकूड पार घासून झालंय आणि राग अजून आहे. पण उद्या सहाला ये, शिडं मोजायची आहेत." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पण कोन घेतल्यावर खोडरबर उचलत नाही. मी लक्ष ठेवून आहे.

सुताराच्या बायकोकडे गेले. तिने मला बसायला सांगितलं नाही, ते योग्यच होतं. उभ्याने ऐकलं. मग म्हणाली, "हे कप्तानाला कळवलंत का?" म्हटलं, हो. "मग त्यांना हेही कळवा. आमचे हे शेवटपर्यंत म्हणायचे, कप्तानाने सूर्य चुकीचा पाहिला असेल तर सूर्यच चुकला असेल." तिचा निरोप तसाच्या तसा दिला आहे. फाटक उघडं आहे, असंही म्हणाली. तुला. मला नाही.

चौकशीच्या कचेरीला सही करून पत्र पाठवलं. तिथल्या कारकुनाने फोन केला. "बाई, एकतीस वर्षांची फाइल आता कुठे शोधू?" म्हटलं, "शोधा. मी परत आल्यावर विचारायला येणार आहे." तो बहुधा मी परत येऊ नये अशी प्रार्थना करत असेल.

अठ्ठावीस तारीख. सकाळचं टपाल आलं, त्यात काही नाही. मी माझी पिशवी उलटी करून कपडे पुन्हा कपाटात लावले. दुपारी पोरगी दारात उभी. हातात तुझी लाकडी पेटी, वहिनीच्या पांघरुणात गुंडाळलेली. पार्सल तिच्या नावाने होतं, पत्रही तिला. तिने ते माझ्यासमोर धरलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"आधीच्या पत्रात मी डोळ्याबद्दल लिहिलं ते खोडून टाक. तुझा डोळा माझा आहे आणि माझा खरा होता." एवढं मी दोनदा वाचलं. मग पुढे, "वेळ तू घे किंवा मैत्रिणीला दे. आत्याच्या हाती घड्याळ देऊ नकोस. सूर्य तिला घेऊ दे. तिचा हात स्थिर आहे, तो लहानपणापासून तसाच आहे. तिचं पत्र मिळालं. उत्तर लिहून झालं आहे. ते तुमच्या पलीकडच्या बंदराच्या पोस्टात तिच्या नावाने पाठवून ठेवतो. हवं असेल तर तिने तिथे येऊन घ्यावं."

ही शिक्षा की शाबासकी, मी सहा दिवस ठरवते आहे. तुझा स्वभाव पाहता दोन्ही असावं. पोरीला विचारलं, "काय लिहिलं असेल गं?" ती म्हणाली, "शिव्या असतील." आणि मग, "पण एकवीसशे मैलांवर ठेवल्यात म्हणजे तू पोचावंस असं त्यांना वाटतंय."

पेटी उघडली. झाकणाच्या आतलं कार्ड तसंच आहे, ज्यावर तू सेक्स्टंटची स्वतःची चूक दर वेळी तपासून लिहायचास. शेवटची नोंद त्या सकाळची, एकतीस वर्षांपूर्वीची. आणि तिच्याखाली एक नवी. एकवीस एप्रिल, दुपार, सूर्याच्या दोन्ही कडा जुळवून, पेन्सिलीने. अक्षर तुझंच आहे. म्हणजे तू गच्चीवर चढलास. एकतीस वर्षांनी तो डोळ्याला लावलास आणि सूर्याकडे पाहिलंस. मी काल पडताळून पाहिली. तुझी नोंद दशांशापर्यंत बरोबर आहे, दादा.

वारा आग्नेयेचा आहे, अंगावर येणारा नाही. पहिले तीन दिवस जहाजांची वाट ओलांडायची आहे, त्याची धास्ती आहे. रात्री झोप लागली नाही. नर्सने उलटीच्या गोळ्या तिघींना समान वाटल्या. पोरगी पायऱ्यांवरून हाक मारते आहे, "आत्या, सूर्य उगवतोय!" पहिला कोन माझा. आजपासून रोज सकाळी तीन घेईन. ढगांनी एकच दिला तर कप्तानाला तसं सांगेन, आणि त्या एकावर कुणाला वळू देणार नाही.

वहिनीला म्हणावं, पांघरूण परत आणून देईन.

घड्याळ नर्सच्या गळ्यात आहे. ते आता तिने मला वाचून दाखवलं, म्हणून लिहिते: अठरा सेकंद, सत्तावन्न मिनिटं, पाच तास.

पलीकडे तुझं पत्र आहे. शिव्या असल्या तरी माझ्या आहेत, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

येते.

तुझी मास्तरीण